आयर्न बाऊल : एका राज्यातील दोन तट

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात नव्याने राहावयास आलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुम्ही अलाबामाचे की ऑबर्नचे? टस्कलूसा येथील अलाबामा विद्यापीठ आणि राज्याच्या पूर्व टोकाला असलेले ऑबर्न विद्यापीठ यांच्या फुटबॉल संघांपैकी आपण कोणाचे, एवढेच विचारणाऱ्याला जाणून घ्यावयाचे असते. 'कोणाचाच नाही' हे उत्तर सभ्यपणे ऐकून घेतले जाते, पण त्यावर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत मुसंडी मारण्याचा हा अमेरिकी खेळ असून, पायाचा उपयोग त्यात मोजक्याच प्रसंगी होतो. दोन विद्यापीठांमधील वार्षिक सामन्याला 'आयर्न बाऊल' म्हणतात. सामना अनेक वर्षे बर्मिंगहॅम या लोखंड-पोलादाच्या शहरात होत असे, त्यावरून हे नाव पडले. त्याचे श्रेय ऑबर्नचे प्रशिक्षक राल्फ 'शग' जॉर्डन यांना दिले जाते. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंग सणाला जोडून येणाऱ्या दिवसांत हा सामना होतो आणि त्यानंतरचे वर्षभर जिंकणाऱ्या बाजूला मिरवण्याचा हक्क मिळतो. मिरवणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी एकच गोष्ट लक्षात घ्यावी. या राज्यात एनएफएल, एनबीए किंवा मेजर लीग बेसबॉल यांपैकी कोणत्याही व्यावसायिक स्पर्धेचा संघ नाही. मोठ्या शहरांतील क्रीडाप्रेम जेथे चार-पाच संघांत वाटले जाते, तेथे अलाबामात ते सारे या दोन विद्यापीठांच्या वाट्याला येते. समर्थकांपैकी असंख्य लोकांनी त्या विद्यापीठाची पायरीही चढलेली नसते.

पहिला सामना २२ फेब्रुवारी १८९३ रोजी बर्मिंगहॅम येथे झाला व ऑबर्नने तो ३२-२२ असा जिंकला. १९०७ चा सामना ६-६ असा बरोबरीत सुटला आणि त्यानंतर खेळाडूंचा दैनंदिन भत्ता किती असावा व पंच कोठून आणावयाचा, यावरून दोन्ही संस्थांचे बिनसले. वाद क्षुल्लक होता, पण माघार घेण्यास कोणीच तयार नव्हते. परिणामी तब्बल ४१ वर्षे हे दोन संघ एकमेकांशी खेळलेच नाहीत. अखेरीस राज्य विधिमंडळाने या प्रश्नात लक्ष घातले, दोन्ही विद्यापीठांच्या अध्यक्षांनी चर्चा केली आणि ४ डिसेंबर १९४८ रोजी सामना पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी सकाळी विद्यार्थी संघटनांच्या अध्यक्षांनी बर्मिंगहॅमच्या उद्यानात वैर संपल्याची खूण म्हणून एक कुऱ्हाड जमिनीत पुरली. दुपारी अलाबामाने ऑबर्नचा ५५-० असा धुव्वा उडवला. कुऱ्हाड फारशी खोल पुरली नसावी.

वैराच्या मुळाशी केवळ खेळ नाही. अलाबामा विद्यापीठाचे वर्ग १८३१ साली सुरू झाले. राज्यातील वकील, राजकारणी व धनिक तेथून घडले, अशी त्याची प्रतिमा. ऑबर्न हे १८७२ पासून कृषी व यांत्रिकी शिक्षणाचे सरकारी महाविद्यालय. 'ऑबर्न विद्यापीठ' हे अधिकृत नाव त्याला १९६० साली मिळाले. अलाबामाचे समर्थक प्रतिस्पर्ध्यांना 'गाईगुरांचे कॉलेज' म्हणून हिणवतात आणि ऑबर्नवाले समोरच्यांना गर्विष्ठ ठरवतात. आज दोन्हीकडे अभियांत्रिकीपासून वैद्यकीय संशोधनापर्यंत सर्व काही चालते, पण टोमणे जुनेच आहेत.

आकडेवारी अलाबामाच्या बाजूने आहे. त्यांचे विजय पन्नासहून अधिक असून ऑबर्नचे चाळीसच्या आत आहेत. पॉल 'बेअर' ब्रायंट (१९५८ ते १९८२) आणि निक सेबन (२००७ ते २०२३) या दोन प्रशिक्षकांनी प्रत्येकी सहा राष्ट्रीय विजेतेपदे अलाबामाला मिळवून दिली. त्यामुळे ऑबर्नची मिजास संख्येवर नसून प्रसंगांवर उभी आहे. १९७२ साली १६-० असे मागे असताना अखेरच्या काही मिनिटांत त्यांनी अलाबामाचे दोन 'पंट', म्हणजे लांब टोलवण्यासाठी मारलेले चेंडू, अडवले. दोन्ही वेळा बिल न्यूटनने चेंडू अडवला व डेव्हिड लँगनरने तो उचलून टचडाऊन केले. अंतिम गुणसंख्या १७-१६. ही घटना ऑबर्नच्या मोटारींच्या मागील स्टिकरांवर पुढे कित्येक वर्षे झळकत राहिली.

त्याहून विलक्षण प्रसंग ३० नोव्हेंबर २०१३ चा. बरोबरी २८-२८, घड्याळात केवळ एक सेकंद शिल्लक. अलाबामाने ५७ यार्डांवरून फील्ड गोलचा प्रयत्न केला, तो आखूड पडला आणि ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने स्वतःच्या गोलरेषेमागे चेंडू झेलून संपूर्ण मैदान पळत पार केले. 'किक सिक्स' नावाने ही धाव ओळखली जाते. तिची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. त्याच सामन्यात यापूर्वी फील्ड गोलच्या तीन प्रयत्नांत अपयशी ठरलेल्या केड फॉस्टर या अलाबामाच्या विद्यार्थी खेळाडूला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. माजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला धीर देणारी चिठ्ठी पाठवली. फॉस्टरच्या जर्सीवर ४३ हा क्रमांक होता आणि बुश देशाचे ४३ वे अध्यक्ष होते.

राष्ट्रीय विजेतेपदे किती, या प्रश्नावरही एकमत नाही, आणि त्याचे कारण रोचक आहे. विद्यापीठीय फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत एनसीएए ही नियामक संस्था स्वतः विजेता घोषित करीत नाही. वृत्तसंस्थांची मतदाने व निरनिराळ्या गणिती क्रमवाऱ्या यांतून विजेते ठरत आले. बाद पद्धतीची स्पर्धा २०१४ च्या हंगामात सुरू झाली आणि २०२४ पासून तीत १२ संघ आले. म्हणून जुन्या वर्षांबाबत ज्याला जी यादी सोयीची, ती तो पुढे करतो. अलाबामा १८ विजेतेपदे मोजते. त्यांत १९४१ चेही एक आहे, ज्या वर्षी संघ दोन सामने हरला होता व असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत विसाव्या स्थानी होता! ऑबर्नने दीर्घकाळ १९५७ आणि २०१० ही दोनच सांगितली आणि त्या संयमाचाही अभिमान बाळगला. २०२५ साली मात्र त्यांनीही जुनी सात वर्षे जोडून आपला आकडा नऊवर नेला. त्यांत २००४ हे वर्ष आहे. त्या हंगामात ऑबर्न तेराही सामने जिंकूनसुद्धा अंतिम लढतीसाठी निवडले गेले नव्हते. ही तक्रार प्रस्तुत लेखकाला रास्त वाटते. १९४१ चा दावा मात्र कितीही उदारपणे पाहिले तरी पटत नाही.

दुसऱ्याच्या विजयात आपण इतके का रमतो? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी व सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवर केलेले निरीक्षण प्रसिद्ध आहे. संघ जिंकल्यावर सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक दिसत आणि विजयाविषयी बोलताना 'आम्ही' हा शब्द अधिक वापरला जाई. पराभवानंतर तो मागे पडे. वॉरन सेंट जॉन यांच्या २००४ च्या पुस्तकात अलाबामाच्या सामन्यांसाठी फिरत्या घरांतून देशभर प्रवास करणारे समर्थक भेटतात. त्यांतील एका दांपत्याने सामन्यासाठी स्वतःच्या मुलीचा विवाहविधी चुकवला. स्वागत समारंभाला ते पोहोचले.

पण हे प्रेम कधी कधी विषारी होते, आणि २०१० साली ते शब्दशः झाले. ऑबर्न गावात कॉलेज स्ट्रीट व मॅग्नोलिया ॲव्हेन्यू यांच्या चौकात, 'टूमर्स' या जुन्या औषधांच्या दुकानासमोर ओक जातीचे दोन मोठे वृक्ष होते. वय सुमारे १३० वर्षे. संघ जिंकला की हजारो लोक तेथे जमत व शौचालयातील कागदाच्या गुंडाळ्या फांद्यांवरून फेकून झाडे पांढरीशुभ्र करीत. २६ नोव्हेंबर २०१० रोजी ऑबर्नने टस्कलूसात २४-० अशी पिछाडी भरून काढून सामना २८-२७ असा जिंकला व पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. २७ जानेवारी २०११ रोजी पॉल फाइनबॉम यांच्या रेडिओ कार्यक्रमात एका श्रोत्याने दूरध्वनी केला आणि आपण त्या झाडांच्या मुळांशी 'स्पाइक ८० डीएफ' हे तणनाशक ओतल्याचे थंडपणे सांगितले. ब्रायंट यांच्या पुतळ्याला ऑबर्नच्या खेळाडूची जर्सी चढवली गेल्याचा राग, हे त्याने दिलेले एक कारण होते. मातीच्या तपासणीत विष खरोखरच आढळले. अटक झालेला माणूस अलाबामाचा समर्थक, निवृत्त पोलीस. त्या विद्यापीठात तो कधी शिकलेला नव्हता.

टेब्युथियुरॉन हे त्या तणनाशकातील द्रव्य मुळांवाटे पानांत पोहोचते व प्रकाशसंश्लेषण थांबवते. विद्यापीठातील तज्ज्ञांनी दूषित माती काढली, सक्रिय कोळसा मिसळला, दोन वर्षे प्रयत्न केले. झाडे पाने धरीत व गाळीत राहिली. २० एप्रिल २०१३ रोजी त्यांच्यावर अखेरचे कागद फेकण्यात आले आणि तीन दिवसांनी ती तोडण्यात आली. आरोपीने त्याच वर्षी गुन्हा कबूल केला, काही महिने तुरुंगात काढले. भरपाईची मोठी रक्कमही त्याच्यावर बसली. तो २०२० साली मरण पावला.

विषप्रयोग उघड होताच अलाबामाच्याच समर्थकांनी झाडांसाठी निधी गोळा करण्यास प्रारंभ केला होता. दोन-तीन महिन्यांतच, २७ एप्रिल २०११ रोजी, टस्कलूसावर भीषण चक्रीवादळ कोसळले. त्याच्या मार्गात साठहून अधिक माणसे दगावली व त्यांत विद्यापीठाचे विद्यार्थीही होते. तेव्हा ऑबर्नच्या लोकांनी 'टूमर्स फॉर टस्कलूसा' या नावाने मदतकार्य उभारले आणि अन्न, पाणी व ताडपत्र्या पाठवल्या. नोव्हेंबरात दोन्ही संघ पुन्हा भिडले. अलाबामाने ४२-१४ अशी मात केली व कोणी कोणाला सूट दिली नाही.

चौकात २०१५ साली लावलेल्या नव्या झाडांपैकी एक पुढच्याच वर्षी एका विजयोत्सवात कागदांना आग लागून होरपळले. २०१७ साली पुन्हा लागवड झाली.

या सर्वांत एक लहानशी प्रथा मनाला अधिक भावते. विजेत्या विद्यापीठाला 'फॉय' यांच्या नावाची खिलाडूवृत्तीची ढाल दिली जाते. जेम्स फॉय हे ऑबर्नचे विद्यार्थी अधिष्ठाता, पण शिक्षण झाले अलाबामात. ढाल प्रदान होते ती त्याच शैक्षणिक वर्षातील बास्केटबॉल सामन्याच्या मध्यंतरात, विजेत्यांच्या मैदानावर. त्या वेळी हरलेल्या विद्यापीठाच्या विद्यार्थी अध्यक्षाला, समोरच्या हजारोंच्या हशा-टाळ्यांत, प्रतिस्पर्ध्यांचे विजयगीत स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवावे लागते.