वीराचा बाप

मुले ज्याला नुसते ‘गेम’ म्हणतात त्या खेळांकडे आपण वडीलधारी माणसे तिऱ्हाइतासारखी पाहतो. पडद्यावर कुणीतरी कुणाला बडवते आहे आणि इकडे ताटातले अन्न निवत चालले आहे, एवढेच आपल्याला दिसते. पण गोष्टी रचणे हाच माझा धंदा असल्यामुळे एका जपानी खेळाकडे मला निराळ्या नजरेने पाहावे लागले. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हे त्याचे नाव. १९८६ च्या मे महिन्यात त्याचा पहिला भाग निघाला आणि २०१७ साली अकरावा. एखाद्या घराण्याची बखर वाचावी तसे हे भाग ओळीने पाहिले म्हणजे मोठी मौज ध्यानात येते. राक्षस बहुतेक तेच, तलवारी त्याच, टोकदार डोक्याचा तो निळा, हसरा स्लाइमही तोच. बदलत गेला आहे तो वीर.

कर्ते तिघे. कथा यूजी होरी यांची, चित्रे ‘ड्रॅगन बॉल’वाल्या अकिरा तोरियामा यांची, आणि संगीत कोइची सुगियामा यांचे. सुगियामा तेव्हा ५५ वर्षांचे होते. शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, एका खेळाबद्दल त्यांनी एनिक्स कंपनीला अभिप्रायाचे कार्ड पाठवले आणि त्यातून ही ओळख जमली. पत्रोत्तराचा आळस करू नये तो असा!

पहिला भाग अवघ्या ६४ किलोबाइटांचा. आजच्या मोबाइलमधले एक छायाचित्र याच्या कितीतरी पट जागा अडवते. त्यात वीर अगदी एकटा. राजवाड्याबाहेर पाऊल टाकावे तो पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला समोरच दिसतो. पण तिथे पोहोचायला सारा मुलूख पालथा घालावा लागतो. शेवटी शत्रू त्याला अर्धे जग देऊ करतो. हो म्हटले की कारभार आटोपला. लोतो नावाच्या पुराणवीराचा हा वंशज, एवढीच त्याची ओळख.

१९८७ च्या दुसऱ्या भागात त्याच्याच वंशातले तिघे निघतात. या भागाची आठवण जपानी मंडळी काढतात ती निराळ्याच कारणाने. खेळ अर्धा टाकून उठायचे तर एक मंत्र वहीत उतरवून घ्यावा लागे. पहिल्या भागात तो वीस अक्षरांचा होता, आता बावन्न अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकले की सारी कमाई पाण्यात. इतके चोख शुद्धलेखन आम्हा मास्तरांना कधी करवून घेता आले नाही.

तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी, बुधवारी, विक्रीस आला. व्हायचे तेच झाले. शाळा बुडवून मुले दुकानांपुढे रांगा लावून उभी राहिली आणि पोलिसांना त्यांना हटकावे लागले. पुढे सरकारने कायदाच केला अशी वावडी उठली; कायदा झाला नव्हता, पण चौथा आणि पाचवा भाग मात्र रविवारी निघाले. या तिसऱ्या भागात बाप पहिल्यांदा पुढे येतो. ओर्तेगा नावाचा योद्धा मोहिमेवर जाऊन नाहीसा झालेला. सोळाव्या वाढदिवशी आई मुलाला उठवते आणि राजाकडे नेते. मूल मुलगा की मुलगी, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. शेवटी शत्रूच्या किल्ल्यात बाप भेटतो, पण मरतामरता. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपल्याच लेकराला वाटसरू समजून तो घरी निरोप सांगायला सांगतो. आणि मग उलगडा होतो, की ज्या काळोख्या मुलखात आपण उतरलो तो पहिल्या भागातलाच. लोतो हे नाव मिळायचे ते आपल्यालाच. वंशजाची कथा आधी आणि पूर्वजाची मागून! कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी ही मांडणी आहे.

चौथ्या भागात, १९९० साली, वीर पाचव्या प्रकरणापर्यंत थांबतो. एक अख्खे प्रकरण तर शस्त्रांच्या दुकानात नोकरी करणाऱ्या तोरुनेकोचे. कल्पना छान, पण माझे मन रमले ते १९९२ च्या पाचव्या भागात.

येथे वीर लहान मूल म्हणून बापाचे बोट धरून येतो. बाप पापास पराक्रमी. पण शत्रूने मुलाच्या गळ्यावर शस्त्र धरल्यावर तो हात न उचलता मार खातो आणि मरतो. मूल दहा वर्षे गुलामीत दगड वाहते. सुटल्यावर त्याला बापाचे पत्र आणि दैवी तलवार सापडते. मात्र ती तलवार त्याला पेलत नाही. पुढे लग्न करायचे, ते लहानपणची सोबतीण बियांका हिच्याशी की श्रीमंताघरच्या फ्लोराशी, हेही खेळणाऱ्यावर. (माझा कौल बियांकाला; फ्लोरा सालस आहे, पण जुना ऋणानुबंध मोडवत नाही.) जुळी मुले होतात आणि वीर शत्रूच्या शापाने दगड होतो.

आठ वर्षे तो दगडच राहतो. लिलावात एक धनिक तो पुतळा विकत घेतो आणि आपल्या तान्ह्या बाळाचा राखणदार म्हणून अंगणात उभा करतो. ऋतू पालटतात, ते बाळ पावले टाकू लागते, आणि एके दिवशी राक्षस त्याला उचलून नेतात. शोकाने वेडा झालेला बाप पुतळ्यालाच ढकलून पाडतो. खेळणाऱ्याच्या हाती बटणे असतात, पण करण्यासारखे काही नसते. दुसऱ्याचे मूल वाढताना पाहायचे आणि आपले कुठे असेल याचा विचार करायचा. पुढे पापासचा जुना नोकर सांचो दोन मुलांना घेऊन येतो, शाप उतरतो. ती मुले आपलीच. दैवी तलवार त्यातला मुलगा सहज उचलतो. ज्याला शोधत इतकी वणवण केली तो वीर आपण नव्हेच. आपण वीराचे बाप!

यानंतरचे भाग मोठे झाले, देखणे झाले, दहावा तर इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचा झाला. सुगियामा २०२१ मध्ये आणि तोरियामा २०२४ मध्ये निवर्तले. अकराव्या भागाला हे दोघेही होते. तो अगदी शेवटास गेला म्हणजे एका साध्या घरात एक आई आपल्या मुलाला उठवताना दिसते. ती तिसऱ्या भागातली आई. आणि सकाळ ती सोळाव्या वाढदिवसाची.