नळदुर्गातला मुक्काम आणि आयर्लंडमधली 'तारा'

१/ तुळजापूरच्या एका शास्त्र्याची मुलगी १८६३ साली एका इंग्रजी कादंबरीची नायिका झाली. कादंबरीचे नाव 'तारा'. लेखक फिलिप मेडोज टेलर तेव्हा भारतातील नोकरी संपवून आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या वेशीवरील हॅरॉल्ड्स क्रॉस येथे राहत होता. इतक्या दूरच्या माणसाला तुळजापूर कसे ठाऊक? उत्तर नळदुर्गच्या किल्ल्यात आहे.

२/ प्रारंभ २१ मे १८५३ च्या तहापासून. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा पश्चिम मुलूख कंपनीच्या कारभाराखाली दिला. या पश्चिम मुलखावर डेप्युटी कमिशनर म्हणून टेलरची नेमणूक झाली.

३/ टेलर कंपनीच्या सनदी नोकरशाहीतला नव्हता. कोवळ्या वयात तो निजामाच्या चाकरीत आला, आधी फौजेत आणि मग पोलीस खात्यात. नंतर सुरपूर संस्थानाचा कारभार त्याने सुमारे बारा वर्षे पाहिला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) या कादंबरीने विलायतेत त्याचे नाव आधीच झाले होते.

४/ नळदुर्गला त्याचे बिऱ्हाड किल्ल्याच्या आतच होते. बोरी नदीच्या वळणात उभा असलेला हा भुईकोट. पलीकडे रणमंडळ, आणि दोहोंना जोडणारे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातले दगडी धरण. त्या धरणाच्या भिंतीतच पाणी महाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे बाहेर कोसळत असतात, तरी आतली दालने कोरडी राहतात.

५/ पत्नी मेरी पामर १८४४ सालीच निवर्तली होती, मुली विलायतेत होत्या. गोऱ्या समाजाची वस्ती दूर सोलापुरात. अशा एकांतात माणूस एक तर कंटाळतो, नाही तर भोवतालच्या लोकांत मिसळतो. टेलरने दुसरा मार्ग धरला. स्थानिक भाषा त्याला येत होत्या. लोकांशी बोलण्यास दुभाष्याची गरज नव्हती.

६/ मात्र हा मुक्काम पाहुण्याचा नव्हता. महसूल, न्याय आणि पोलीस ही जिल्ह्याची तिन्ही सूत्रे एकाच हाती होती. दाराशी येणारा मनुष्य गप्पांसाठी येत नसे. तो अर्ज घेऊन येई, न्याय मागण्यास येई. टेलरने जे ऐकले, ते सत्तेसमोर बोललेले होते. त्याचे लेखन वाचताना याचा विसर पडू नये.

७/ १८५७ साली त्याची बदली वऱ्हाडात बुलढाण्याला झाली. १८६० च्या तहाने नळदुर्गचा मुलूख निजामाकडे परतला, आणि त्याच सुमारास टेलरही कायमचा भारत सोडून गेला. तीन वर्षांनी 'तारा' तीन खंडांत प्रसिद्ध झाली.

८/ कथा अशी : व्यास शास्त्र्यांची विधवा कन्या तारा भवानीच्या सेवेत मुरळी होते. पुढे अफझलखानाची स्वारी येते, आणि खानाचा मुलगा फाजल व तारा यांचे प्रेम जुळते. मंदिर, घाट, शास्त्र्याचे घर या साऱ्याचे वर्णन प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचे आहे.

९/ तपशिलात मात्र गफलती आहेत. टेलरने कथेचा काळ १६५७ धरला. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा. १६५७, १७५७ (प्लासी) आणि १८५७ अशी शतकांची साखळी त्याला तीन कादंबऱ्यांत गुंफायची होती. 'राल्फ डार्नेल' आणि 'सीता' या पुढच्या दोन. रचनेच्या मोहापायी इतिहास दोन वर्षे मागे सरकला.

१०/ दुसरी बाब मुरळीची. मराठी लोकपरंपरेत मुरळी प्रामुख्याने खंडोबाची. भवानीच्या दारी आराधी आणि गोंधळी. शिवाय तारा बोलते ती एका निवृत्त अंमलदाराच्या लेखणीतून. जवळून पाहणे आणि आतून जाणणे यांत हेच अंतर आहे.

११/ तरीही या कादंबरीचे मोल कमी होत नाही. 'यमुनापर्यटन' १८५७ चे. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची. म्हणजे शिवकाळावर मराठीत कादंबरी येण्याच्या आठ वर्षे आधी तुळजापूर इंग्रजीत पोहोचले होते. पुढे हरि नारायण आपटे यांनी 'म्हैसूरचा वाघ' लिहिली, ती टेलरच्याच 'टिपू सुलतान'च्या आधारे. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या घडणीत या लेखकाचाही वाटा आहे.

१२/ १८७५ साली, दृष्टी अधू झाली असताना, टेलर पुन्हा हैदराबादला आला. परतीच्या प्रवासात १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील माँतों येथे त्याचा मृत्यू झाला. मुलीने संपादित केलेले त्याचे आत्मचरित्र पुढच्याच वर्षी निघाले. नळदुर्गचा किल्ला आणि धरण यांचे वर्णन त्यात आहे.

१३/ नळदुर्गचे जिल्हाठाणेही पुढे धाराशिवला गेले, गावाचा दबदबा ओसरला. पाणी महाल पाहण्यास जाल, तेव्हा धबधब्याशी थांबून परत फिरू नका. किल्ल्याच्या आतही चालत जा. तिथल्या एका घरात तुळजापूर ऐकले गेले, आणि ऐकणारा तिथला राज्यकर्ता होता. 'तारा' वाचताना या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानी ठेवाव्या लागतात.