सरकारने पाठवलेला बाळंतविडा: तान्ह्या बाळाच्या सामानाचा इतिहास



आजचा भाग ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी येत्या काही महिन्यांत पाळणा हलणार आहे. कुणी मामा होणार असेल, कुणी आत्या, आणि कुणी थेट आई किंवा बाबा. तुम्ही त्यातले असाल, तर तुमच्या फोनमध्ये एक यादी नक्की असणार. स्ट्रोलर, बेबी कॅरिअर, बाटल्या, बाटल्या निर्जंतुक करायचं मशीन, बेबी मॉनिटर, उशांचा सेट, वॉकर. यादी स्क्रोल करता करता अंगठा दुखतो आणि शेवटचा आकडा बघून डोकं.

यातलं खरंच काय लागतं? हा प्रश्न आजचा नाही, बरं का. गेली दोन-तीनशे वर्षं आईबाप हाच प्रश्न विचारत आलेत आणि त्याची उत्तरं कधी फार महागात पडली आहेत. पैशांत नव्हे, जिवांत. म्हणून आज या सामानाचा इतिहास बघू. आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारू: बाई गं, तू प्रश्न सोडवतेस तो नक्की कुणाचा? बाळाचा, आईचा, की विकणाऱ्याचा?

गाडी: आधी थाट, मग सोय

सुरुवात बाबागाडीपासून. १७३३ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम केंट नावाच्या वास्तुविशारद-बागरचनाकाराने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक छोटी गाडी बनवली. आकार शिंपल्यासारखा, आणि ओढायला बकरी किंवा लहानसं तट्टू. म्हणजे बघा, हा वाड्यातला खेळ होता. बाळाची गरज वगैरे काही नाही. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात ढकलायच्या गाड्या आल्या, पण त्याही जड, मोठ्या आणि चारचौघांत मिरवायच्या.

खरा बदल झाला १९६५ मध्ये. ओवेन मॅक्लारेन हे विमानांचे अभियंते. दुसऱ्या महायुद्धातल्या प्रसिद्ध स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं. उतरल्यावर वजन पेलायचं आणि उडाल्यावर घडी होऊन आत जायचं, ही त्या सांगाड्याची करामत. तीच अक्कल त्यांनी बाळाच्या गाडीला लावली. ॲल्युमिनियमच्या नळ्या, छत्रीसारखी मिटणारी घडी आणि वजन तीन किलोच्याही आत. बसमध्ये चढता येईल, जिन्यावरून एका हाताने नेता येईल, अशी गाडी.

पण एक लक्षात ठेवा. अशी गाडी ज्या बाळाला बसता येतं, मान सावरता येते, त्याच्यासाठी. पहिल्या काही महिन्यांत तान्हं बाळ सरळ आडवं झोपू शकेल अशीच गाडी लागते. आणि आपल्याकडचे फुटपाथ बघता ती पहिल्याच दिवशी घ्यायची घाई कशाला, हे तुम्हीच ठरवा.

बाटली: सर्वांत महाग पडलेली सोय

आता जरा गंभीर होऊया.

बाळाला भांड्यातून दूध पाजणं हजारो वर्षं जुनं आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात लहान मुलांच्या प्राचीन थडग्यांमध्ये चोच असलेली मातीची छोटी भांडी सापडली. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांच्या आतल्या थराची रासायनिक तपासणी केली, तर त्यात गाई-शेळ्यांसारख्या जनावरांच्या दुधाचे अंश मिळाले. आपल्याकडे अशाच चोचीच्या भांड्याला बोंडलं म्हणतात. अनेक घरांत चांदीचं किंवा पितळेचं बोंडलं आजही कपाटात सापडेल.

एकोणिसाव्या शतकात काच आणि रबर स्वस्त झालं. १८४५ मध्ये अमेरिकेत रबरी निप्पलचं पेटंट घेतलं गेलं. मग इंग्लंडमध्ये एक बाटली भलतीच लोकप्रिय झाली: चपटी काचेची बाटली, तिला लांब रबरी नळी आणि नळीच्या टोकाला निप्पल. बाळ आडवं पडून स्वतःच दूध ओढायचं, कुणी धरून बसायला नको. दिवसभर राबणाऱ्या आईला याहून मोठी सोय कुठली?

घोळ नळीत होता. ती आतून घासता यायची नाही. दुधाचे कण आत साचायचे, आंबायचे, आणि जंतूंची वस्ती व्हायची. त्यात १८६१ मध्ये मिसेस बीटन यांचं घरकामावरचं जाडजूड पुस्तक आलं. घरोघरी वाचलं गेलं. त्यात सल्ला असा, की निप्पल एकदा नीट बसवलं की नवीन बसवेपर्यंत काढायची गरज नाही, आणि नवीन साधारण पंधरवड्याने. म्हणजे पंधरा दिवस तेच निप्पल, न काढता! सल्ला देणाऱ्या बाई तेव्हा स्वतः पंचविशीत होत्या. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा सर्वमान्य व्हायचं होतं.

बाळं मात्र जुलाबाने दगावत राहिली. या बाटल्यांना पुढे नावच पडलं ‘मारेकरी बाटली’. डॉक्टरांनी विरोध केला, तरी विक्री चालूच राहिली, कारण बाटली स्वस्त होती आणि आईला कामावर जायचं होतं. फ्रान्सने अखेर १९१० मध्ये कायदा करून लांब नळीच्या बाटल्यांवर बंदी घातली.

ही फक्त जुनी गोष्ट नाही. विसाव्या शतकात पावडरच्या दुधाच्या जाहिराती गरीब देशांत पोचल्या. पाणी स्वच्छ नाही, बाटली उकळायला इंधन नाही, आणि डबा पुरवायचा म्हणून दूध पातळ केलेलं. शेवटी १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. भारताने तर १९९२ मध्ये कायदाच केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. म्हणूनच आपल्याकडे टीव्हीवर दुधाच्या बाटलीची जाहिरात दिसत नाही. कधी लक्षात आलं होतं का?

याचा अर्थ बाटली वापरणारी आई वाईट, असा मुळीच नाही. काही वेळा आईचं दूध कमी पडतं, आई आजारी असते, नोकरी असते. तिला टोमणे मारणाऱ्यांनी आधी भांडी घासायला उठावं. मुद्दा एवढाच: जे घासता येतं, उकळता येतं, ते सामान चांगलं. या परीक्षेत साधी वाटी-चमचा आणि आपलं बोंडलं आजही पास होतात.

लंगोट: हा प्रश्न आईचा, आणि तोही खराच

१९४६ च्या सुमारास अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या तरुण आईने न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावर चढवायचं एक जलरोधक आवरण शिवलं. सतत ओले कपडे आणि चादरी धुण्याला ती वैतागली होती. मोठ्या कंपन्यांना त्यात रस वाटेना. मग तिने ते स्वतःच विकायला काढलं, न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानातून १९४९ पासून ते खपू लागलं आणि १९५१ मध्ये तिने हक्क दहा लाख डॉलरला विकले. फेकून द्यायचे डायपर मोठ्या प्रमाणावर बाजारात आले ते १९६१ नंतर.

बाळाला सुती लंगोट पुरतो, खरं आहे. पण रात्रीत आठ लंगोट बदलणारी बाई माणूसच आहे ना? इथे वस्तू आईचा प्रश्न सोडवते आणि तो प्रश्न तितकाच मोलाचा आहे. दिवसा सुती, रात्री डायपर, हा कित्येक मराठी घरांनी काढलेला तोडगा म्हणूनच शहाणपणाचा.

गादी-उशी: कमी तेच बरं

डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक १९४६ मध्ये आलं आणि जगभर खपलं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आवृत्तीपासून त्यात बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला होता. कारण पटण्यासारखं वाटायचं: उताणं झोपलेलं बाळ ओकलं तर गुदमरेल. पुढे अभ्यासांतून उलटंच दिसलं. पालथं झोपवलेल्या बाळांचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका जास्त होता. १९९१ मध्ये ब्रिटनने आणि १९९४ मध्ये अमेरिकेने बाळाला उताणं झोपवा अशी मोहीम काढली, आणि अमेरिकेत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. कुठलीही नवी वस्तू न घेता!

त्याच विचाराने २०२२ मध्ये अमेरिकेने पाळण्याच्या कडेने लावायच्या गुबगुबीत गाद्यांवर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी देतात. त्यामागे आजीची माया आहे, पण बालरोगतज्ज्ञ तान्ह्याला उशीच नको म्हणतात. सपाट, घट्ट गादी, बस. आणि वॉकर? कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी आणली, कारण मुलं त्यातून जिन्यांवरून पडत होती.

फिनलंडचा खोका

आता माझी आवडती गोष्ट. १९३० च्या दशकातला फिनलंड हा गरीब देश होता. दर हजार जन्मांमागे सुमारे ६५ बाळं वर्षाच्या आत जात. १९३७ मध्ये तिथे कायदा झाला आणि १९३८ पासून गरीब मातांना सरकारकडून एक खोका मिळू लागला. आत कपडे, चादरी, लंगोटाचं कापड. खोक्याच्या तळाशी गादी घातली की तोच बाळाचा पहिला बिछाना. युद्धकाळात कापड सैन्याला लागायचं, तेव्हा काही चादरी चक्क कागदाच्या दिल्या गेल्या.

आपल्या भाषेत याला शब्द आहे: बाळंतविडा! फक्त इथे तो मावशी-आत्याऐवजी सरकारने पाठवला.

१९४९ पासून खोका सगळ्यांना, श्रीमंत-गरीब भेद नाही. अट एकच: गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या आत डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात तपासणी. खरी गंमत या अटीत आहे. खोक्याच्या निमित्ताने बायका दवाखान्यात आल्या, तपासण्या झाल्या, धोका लवकर कळला. आज फिनलंडमध्ये हा मृत्युदर हजारी दोनच्या आसपास आहे. तो एकट्या खोक्यामुळे घटला नाही. दवाखाने, स्वच्छ पाणी, लसी, शिक्षण, सगळ्यांचा वाटा आहे. पण खोका हे आमंत्रण होतं.

खोक्यातलं सामानही काळाप्रमाणे बदललं. एकदा डायपर आले, नंतर पर्यावरणासाठी कापडी लंगोट परतले. स्तनपानाला उत्तेजन म्हणून बाटली काढून टाकली. चित्रांचं पुस्तक आलं. पुढे तामिळनाडूने २०१५ मध्ये, तेलंगणा आणि स्कॉटलंडने २०१७ मध्ये बाळाच्या सामानाचे असे संच द्यायला सुरुवात केली.

आणि ज्याला पैसे पडत नाहीत ते

१९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका सरकारी रुग्णालयात इन्क्युबेटर कमी पडत होते. डॉक्टर एडगर रे सानाब्रिया यांनी कमी वजनाच्या बाळांना थेट आईच्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली. हीच ती कांगारू पद्धत. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. जन्मताच ही पद्धत सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये, स्थिर झाल्यावर सुरू केलेल्यांपेक्षा, मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. बाबाही हे करू शकतात, बरं का.

मग यादीचं काय? पहिल्या तीन महिन्यांसाठी: सुती झबली, दुपटी, लंगोट, थोडे डायपर, टोपी, सपाट घट्ट गादी, थर्मामीटर, वाटी-चमचा, मऊ टॉवेल. गाडीने फिरणार असाल तर चांगली कार सीट, त्यात मात्र काटकसर नको. बाकी गरज पडेल तसं. आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं नव्यापेक्षा मऊ असतं, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

उरलेल्या पैशांत बाळंतिणीला रोज दोन तास सलग झोपता येईल अशी मदतीची व्यवस्था करा. बाळंतविड्यात तेवढं एक कायम राहून जातं.

तुमच्या घरात बोंडलं किंवा कुंची जपून ठेवली असेल, तर तिची गोष्ट आम्हाला नक्की कळवा. आणि ज्या मित्राची यादी फार लांब झाली आहे, त्याला हा भाग पाठवा. पुन्हा भेटूच!