हजार कॅप्चा, एक डॉलर : ‘मी रोबोट नाही’ या चौकटीची गोष्ट

आजचा विषय तुमच्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे आणि बहुतेकांच्या डोक्यात जाणाराही. वेबसाइट म्हणते, सिग्नल असलेले चौकोन निवडा. तुम्ही निवडता. मग ती म्हणते, आता बस शोधा. मग सायकल. आणि सिग्नलचा खांब सिग्नलमध्ये धरायचा की नाही, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

ही कोडी आपल्यासाठी सोडवून देणारी एक्स्टेंशन आता मिळतात. ब्राउझरमध्ये टाकायचं, खात्यात थोडे पैसे भरायचे, काम झालं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, लॉगिन पेजं बनवणं हा रोजचा धंदा, त्यामुळे मित्र हमखास विचारतात, “हे वापरू का रे?” उत्तर देतो, पण आधी हे दुकान उघडलं कसं ते ऐका. कारण माझं म्हणणं असं आहे की कॅप्चाने माणूस ओळखला असं आपण समजतो, पण खरं तर त्याने फक्त एक भाव ठरवला.

सुरुवात १९९७ साली, अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनमध्ये. तिथे कुणीही आपल्या साइटचा पत्ता नोंदवू शकायचं, आणि लोक प्रोग्रॅम लावून पत्त्यांचा ढीग ओतायचे. आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या टीमने एक युक्ती काढली. स्कॅनरच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं की अक्षरं नीट वाचली जावीत म्हणून काय करावं. यांनी बरोबर उलटं केलं. वेडेवाकडे फॉन्ट, गचाळ पार्श्वभूमी. माणसाला वाचता येईल, मशीनला नाही.

मग २००० साली याहूच्या चॅटरूममध्ये बॉट शिरून जाहिराती टाकायला लागले. उपाय शोधला कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मॅन्युएल ब्लम आणि त्यांचा विद्यार्थी लुइस फॉन आन यांनी, निकोलस हॉपर आणि जॉन लँगफर्ड यांच्यासोबत. कॅप्चा हे नाव त्यांचंच. फॉन आन ओळखीचा वाटत नसेल, तर डुओलिंगोचं हिरवं घुबड आठवा. त्या कंपनीचा संस्थापक तोच.

नावातला ‘टी’ म्हणजे ट्युरिंग टेस्ट. अ‍ॅलन ट्युरिंगने १९५० साली कल्पना मांडली होती की समोर माणूस आहे की मशीन, हे माणसाने प्रश्न विचारून ओळखायचं. कॅप्चामध्ये खुर्च्या बदलल्या. परीक्षक झालं मशीन, आणि माणसाने सिद्ध करायचं की मी माणूस आहे.

ही भिंत फार टिकली नाही. २००३ मध्ये बर्कलीच्या ग्रेग मोरी आणि जितेंद्र मलिक यांनी याहूवर वापरला जाणारा कॅप्चा ९२ टक्के वेळा फोडून दाखवला. मलिक म्हणजे आपल्या आयआयटी कानपूरमधून गेलेले. मग अक्षरं आणखी वाकडी झाली. पण बॉटवाल्यांना त्याहून सोपा रस्ता सापडला. मशीनला जमत नाही ना? मग माणूस लावा.

२००८ पर्यंत भारतात हा धंदा चांगला रुजला होता. २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने भारत, बांगलादेश आणि चीनमधल्या या कामावर बातमी केली, तेव्हाचा भाव होता हजार कॅप्चांना ८० सेंट ते १ डॉलर २० सेंट. जरा हिशोब करू. एका कॅप्चाला दहा सेकंद धरा. हजार कॅप्चांना जवळपास पावणेतीन तास. न थांबता, न चुकता. आणि मिळकत त्या वेळच्या दराने साधारण चाळीस-पन्नास रुपये. म्हणजे बॉट अडवायला बांधलेल्या दारात बसून बॉटला आत सोडणारी माणसं होती ती, आणि त्यातली बरीच आपल्याच देशातली.

त्याच वर्षी सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी या बाजाराचा अभ्यास केला. नुसता लांबून नाही. ते स्वतः या सेवांचे गिऱ्हाईकही झाले आणि कामगारही. निष्कर्ष साधा होता. कॅप्चा अभेद्य आहे का, हा प्रश्नच चुकीचा. कोडं सोडवून घ्यायचा भाव किती आणि दारापलीकडच्या मालाची किंमत किती, एवढंच बघायचं. स्पॅम पाठवून पैसाभर मिळत असेल, तर कॅप्चा पुरेसा. कॉन्सर्टचं तिकीट मिळत असेल, तर तो कागदाचा दरवाजा.

याचा पुरावाही आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये २०१० साली ‘वाइजगाय’ नावाच्या कंपनीच्या लोकांवर खटला भरला गेला. कॅप्चा सोडवणारं नेटवर्क लावून त्यांनी दहा लाखांवर तिकिटं उचलली, असा आरोप होता. पुढे २०१६ मध्ये तिथे अशा बॉटविरुद्ध खास कायदा झाला.

दरम्यान एक मजेशीर गोष्ट झाली. फॉन आनच्या मनात आलं, जगभर लोक कोडी सोडवतायत, ती मेहनत वाया का घालवायची? २००७ मध्ये आला रीकॅप्चा. एक शब्द माहीत असलेला, दुसरा जुन्या पुस्तकातला, जो कॉम्प्युटरला वाचता आला नाही. पहिल्या वर्षातच लोकांनी ४४ कोटींवर शब्द वाचून दिले. २००९ मध्ये गूगलने तो विकत घेतला. नंतर घरांचे नंबरही आले. फुकटात काम करत होतो आपण सगळे. त्यातली काही उदाहरणं मशीनला शिकवायलाही गेली. २०१४ मध्ये गूगलनेच सांगितलं की त्यांचं मॉडेल सगळ्यात अवघड अक्षरंही ९९.८ टक्के अचूक वाचतं. म्हणून आली ‘मी रोबोट नाही’ची चौकट.

आणि आता तर कामगाराचीही गरज उरली नाही. २०२३ च्या एका अभ्यासात १,४०० लोकांना खऱ्या साइटवरचे कॅप्चा दिले. वाकड्या अक्षरांना माणसांना ९ ते १५ सेकंद लागले आणि अचूकता ५० ते ८४ टक्के. बॉट सेकंदाच्या आत, जवळपास शंभर टक्के. जी परीक्षा मशीन पास होते आणि माणूस नापास, ती माणूस ओळखण्याची परीक्षा कशी म्हणायची?

नापास होणाऱ्यांत पहिला नंबर कुणाचा? ज्याला दिसत नाही त्याचा. चित्रातलं कोडं स्क्रीन रीडर वाचूच शकत नाही. म्हणून आवाजातला कॅप्चा आला, पण तो इतका खरखरीत की कान देऊनही कळू नये. गंमत म्हणजे २०१७ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या लोकांनी तोच आवाज ऑनलाइन स्पीच-टू-टेक्स्ट सेवांना ऐकवला आणि ८५ टक्के वेळा कोडं सुटलं. आज तेच तंत्र वापरणारी मोफत एक्स्टेंशन आहेत. अंध माणसासाठी ती पांढरी काठीच.

पण तेच तंत्र दुसऱ्याच्या हातात गेलं की काय होतं, ते आपण मे २०२१ मध्ये पाहिलं. १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण आधी कोविनवर स्लॉट घ्यावा लागे. पोर्टल तेव्हा इंग्रजीत, मराठी आली जूनमध्ये. कॅप्चा लावला, तर तो सोडवणाऱ्या स्क्रिप्ट गिटहबवर आल्या. स्लॉट काही क्षणांत संपायचे. शहरातली मंडळी गाड्या काढून तालुक्याच्या केंद्रांवर पोहोचली आणि गावातले लोक बघत राहिले, अशा बातम्या आपल्या महाराष्ट्रातूनही आल्या. कोड लिहिणारा खलनायक नव्हता. त्यालाही आई-बाबांची, भावंडांची काळजी होती. पण रांगेतली जागा ज्याला कोड येतो त्याची झाली, हे खरंच.

तत्काळ तिकिटांचंही तेच. डिसेंबर २०१७ मध्ये सीबीआयने स्वतःच्याच एका प्रोग्रॅमरला अटक केली. आरोप होता, तत्काळची तिकिटं एका झटक्यात काढणारं सॉफ्टवेअर बनवून दलालांना दिल्याचा. २०२५ मध्ये रेल्वेने सांगितलं की तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटचे असतात. मग १ जुलैपासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी सक्तीची झाली.

इथे जरा थांबा. ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आधी दार विचारायचं, तू माणूस आहेस का? आता विचारतं, तू कोण आहेस? पहिल्या प्रश्नाला नाव न सांगता उत्तर देता यायचं. दुसऱ्याला नाही. बॉटवाल्यांनी कॅप्चा स्वस्त केला, आणि बिल आलं आपल्या सगळ्यांच्या ओळखीवर.

नवी परीक्षाही सगळ्यांना जमेल असं नाही. ऑनलाइन केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या, पापण्या मिटू न शकणाऱ्या स्त्रीने काय करायचं? हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला आणि ३० एप्रिल २०२५ ला कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

तर मित्रांनो, “वापरू का रे?” याचं माझं उत्तर. दिसत नाही, हात चालत नाहीत, कोडं खरंच अडवतंय, तर जरूर वापर. लाजायचं काही कारण नाही. रांग मोडायला वापरणार असशील, तर तुझ्यामागे उभा असलेला माणूस बॉट नाही, एवढं लक्षात ठेव. आणि कुठल्याही कारणाने टाकलंस, तरी परवानग्या वाच. ‘सर्व साइटवरचा डेटा वाचणे’ याला हो म्हटलंस, तर तुझं बँकेचं पानही त्यात आलं.

आणि माझ्यासारख्या पेजं बनवणाऱ्यांनो, कॅप्चा लावण्याआधी एक प्रश्न विचारा. याने बॉटला किती खर्च येईल, आणि माणसाला किती? दुसरा आकडा मोठा निघाला, तर ती भिंत चुकीच्या बाजूला बांधली जातेय.

आजच्यापुरतं एवढंच. तुम्हाला कुठल्या कॅप्चाने सगळ्यात जास्त छळलं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!