तिसऱ्या सिलिंडरचा ताप : बीटल, भंगार आणि एक ऑइल कूलर

१/
फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनात एक मूलभूत दोष होता. तो कारखान्याला ठाऊक होता आणि मेकॅनिकांनाही. कारखान्याने तो तीसेक वर्षांनी दूर केला, पण केवळ नव्या गाड्यांपुरता. रस्त्यावर आधीच धावणाऱ्या गाड्यांना त्यावरचे औषध भंगारात सापडले. आजचा धागा त्या औषधाविषयी आणि त्यासोबत येणाऱ्या एका धोक्याविषयी.

२/
१९३४ मध्ये फर्डिनांड पोर्शे यांच्याकडे ‘जनतेच्या मोटारी’चा आराखडा सोपवण्यात आला. अटी कठोर होत्या : किंमत १,००० मार्कांच्या आत, ताशी १०० किलोमीटरचा सलग वेग, आणि हवेने थंड होणारे इंजिन. सामान्य जर्मन कुटुंबाकडे गॅरेज नसे. हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर उभ्या गाडीतले पाणी गोठले, तर इंजिन तडकण्याची भीती असे.

३/
१९३८ मध्ये कारखान्याची पायाभरणी झाली. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी आठवड्याला तिकिटे चिकटवून पैसे साठवले, पण त्या योजनेतून एकालाही गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झाले आणि कारखाना वेठबिगारांच्या श्रमांवर लष्करी वाहने बनवू लागला. १९४५ नंतर ब्रिटिश अधिकारी मेजर आयव्हन हर्स्ट यांच्या देखरेखीखाली नागरी बीटलचे उत्पादन मार्गी लागले. इंजिनाची मूळ रचना मात्र तीच राहिली.

४/
आता थोडे यंत्रशास्त्र. या इंजिनात पाणी नाही, रेडिएटर नाही. वर एक पंखा आहे. तो पत्र्याच्या कवचातून चारही सिलिंडरांवर हवा लोटतो. उरलेली उष्णता वाहून नेण्याचे काम तेलाचे, आणि ते तेल अवघे अडीच लिटर. बेअरिंगांना वंगण देणे आणि त्यांची उष्णता उचलणे, ही दोन्ही कामे तेवढ्याच तेलाने करायची. म्हणून तेलालाही थंड करावे लागते. त्यासाठीच ऑइल कूलर.

५/
हा कूलर पोर्शे यांच्या चमूने पंख्याच्या कवचातच, डाव्या बाजूला उभा केला. जागा वाचली, खर्च वाचला, लांब नळ्यांची गरज उरली नाही. पण कूलरच्या बरोबर खाली होता तिसऱ्या क्रमांकाचा सिलिंडर. इतरांना ताजी हवा मिळे; तिसऱ्याला मिळे ती कूलरने अडवलेली आणि तेलाच्या उष्णतेने आधीच तापलेली.

६/
परिणाम मेकॅनिकांना पाठ झाला होता. इंजिन दगावले की आधी तिसरा सिलिंडर उघडायचा. अतितापाने त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटे, तुकडा आत पडे आणि पिस्टनला भोक पडे. हे कारखान्यालाही ठाऊक होते, याचा पुरावा यंत्रातच आहे. अनेक वर्षांच्या डिस्ट्रिब्युटरांमध्ये तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी मुद्दाम किंचित उशिरा पडेल, अशी कॅम घासलेली असे. रोग तसाच ठेवून पथ्य पाळण्याचा हा प्रकार होता.

७/
सुरुवातीला हे पथ्य पुरले, कारण इंजिन जेमतेम २५ अश्वशक्तीचे होते. पुढे आकार वाढत गेला : १९५४ मध्ये ११९२ सीसी, मग १२८५, १४९३ आणि अखेर १५८४ सीसी. गाडी अमेरिकेच्या महामार्गांवर तासन् तास पूर्ण वेगाने धावू लागली. उष्णता वाढत गेली. कूलरची जागा मात्र बदलली नाही.

८/
ती बदलली १९७१ च्या मॉडेलमध्ये, म्हणजे ऑगस्ट १९७० पासून. कूलर मुख्य कवचाबाहेर, एका छोट्या पत्र्याच्या पेटीत हलवला गेला. त्याला हवा स्वतंत्र मिळू लागली आणि तापलेली हवा वेगळ्या मार्गाने थेट इंजिनकक्षाबाहेर जाऊ लागली. पंखाही रुंद झाला. त्या पेटीच्या आकारावरून अमेरिकन लोकांनी या रचनेला ‘डॉगहाउस’, म्हणजे कुत्र्याचे घर, असे नाव दिले.

९/
१७ फेब्रुवारी १९७२ रोजी १,५०,०७,०३४ वी बीटल बाहेर पडली आणि फोर्डच्या मॉडेल-टीचा विक्रम मागे पडला. इतिहासाच्या पुस्तकांत हा क्षण विजयाचा म्हणून येतो. पण या दीड कोटींतील बहुसंख्य गाड्या जुन्या कूलरच्या होत्या, हेही त्याच आकड्यात दडलेले आहे.

१०/
इथे भंगारखाना कथेत येतो. थंड प्रदेशांत रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गाडीचा पत्रा इंजिनाच्या आधी गंजे. अपघातात शरीर जाई, इंजिन राही. चार ठिकाणी आवळलेले हे इंजिन सुटे करणे सोपे होते. शिवाय १९६९ मध्ये जॉन म्यूर या अभियंत्याचे, बीटल ‘जिवंत’ कशी ठेवावी हे अगदी नवख्याला समजावणारे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. मालक स्वतः पाना हाती घेऊ लागला होता.

११/
मग रीत पडली : भंगारातल्या १९७१ नंतरच्या गाडीवरून डॉगहाउस काढायचे आणि आपल्या जुन्या इंजिनावर चढवायचे. पण नुसता कूलर आणून भागत नसे. त्याचे कवच, रुंद पंखा, पंख्यामागची ताटली, गरम हवा बाहेर नेणारा पत्र्याचा मार्ग आणि कूलर टेकतो तो जोडतुकडा, हे सारे एकत्र हवे. एखादा पत्रा मागे राहिला तर गरम हवा पुन्हा पंख्यात शिरते, आणि मग सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय?

१२/
दुसरी अडचण मिलिमीटरांची. जुन्या क्रँककेसमधील तेलाची छिद्रे ८ मिलिमीटरची, १९७० पासूनची १० मिलिमीटरची. दोहोंचा मेळ घालणारे खास रबरी सील मिळत. ते न बसवता जोडणी केली तर दाबाखालचे तेल सांध्यातून बाहेर येते. आणि इथे तेल कमी होणे म्हणजे केवळ वंगण कमी होणे नव्हे. इंजिन थंड ठेवण्याचे साधनही कमी होणे.

१३/
पर्यायी मार्ग होता नळ्यांचा. इंजिनावरून तेल बाहेर घ्यायचे, लवचीक नळ्यांतून दूरच्या कूलरकडे न्यायचे आणि परत आणायचे. येथे नियम साधे पण निर्दय आहेत : नळी तेल, दाब आणि ताप सोसणारी असावी, कुठेही घासू नये, सायलेन्सरजवळून जाऊ नये. थंडीत घट्ट तेल कूलरमध्ये फिरत राहू नये म्हणून थर्मोस्टॅट हवा. भंगारातला कूलर एकवेळ चालेल. भंगारातली कडक झालेली रबरी नळी कधीही नाही.

१४/
प्रेशर व्हॉल्व्हही तपासावा लागे. सकाळी तेल घट्ट असते तेव्हा हा व्हॉल्व्ह खाली सरकून जादा दाब सोडतो आणि तेल कूलरला वळसा घालते. तो बंद अवस्थेत अडकला, तर सगळा दाब कूलरवर येतो आणि कूलर फुटतो. मूळ कूलर फुटण्यामागचे कारण न शोधता दुसरा बसवणारा तिसऱ्याच्या शोधात पुन्हा भंगारात येई.

१५/
पण सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. बेअरिंग झिजून इंजिन मरते तेव्हा धातूचा बारीक कीस तेलात मिसळतो आणि कूलरच्या अरुंद वाटांत अडकून बसतो. बाहेरून कूलर लख्ख दिसतो. रॉकेलने धुतला तरी सगळा कीस निघेल याची खात्री नसते. नव्या इंजिनावर चढवल्यावर गरम तेल तो हळूहळू सोडवते आणि थेट बेअरिंगांकडे नेते. बीटलच्या इंजिनात तर खरा ऑइल फिल्टरही नव्हता, नुसती तारेची जाळी. म्हणून जाणकारांचा नियम होता : बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा कूलर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

१६/
इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मधील आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडले आहे की, तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून लिहिण्याऐवजी वापर आणि दुरुस्ती यांवरून लिहावा. डॉगहाउस हे त्याचे उत्तम उदाहरण. आराखड्याच्या नोंदीत ही सुधारणा १९७० ची. प्रत्यक्षात ती पुढची कित्येक वर्षे, एकेका जुन्या इंजिनावर, एकेका मालकाच्या हातून घडत राहिली. त्या हातांची नोंद कोणत्याही कारखान्याच्या दप्तरात नाही.

१७/
शेवटची मूळ बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील प्वेब्ला येथे तयार झाली. एकूण संख्या २,१५,२९,४६४. जुन्या बीटल आजही धावतात आणि भंगारातले कूलर आजही विकले जातात. असा कूलर हाती आल्यावर मेकॅनिक भावाआधी जे विचारतो, तेच आम्ही इतिहासाचे विद्यार्थी प्रत्येक साधनाला विचारतो : तू आलास कुठून, आणि तुझे आधीचे इंजिन कशाने थांबले?

धागा समाप्त. तुमच्या घरी भंगारातल्या भागांवर तगलेली एखादी जुनी गाडी असेल, तर तिची हकिकत खाली अवश्य लिहा.