युद्धकादंबऱ्यांची वही



व्याख्यानाचा विषय म्हणून एका वहीचे नाव जाहीर झालेले पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वही अगदी साधी आहे. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. एका वाचनालयाच्या टेबलावर ती असते आणि तिला दोऱ्याने एक पेन्सिल बांधलेली असते. युद्धावरची ऐतिहासिक कादंबरी ज्याने वाचली त्याने तिचे नाव वहीत लिहावे, एवढाच आरंभी नियम होता. वहीची देखभाल करणाऱ्या चार-पाच जणांपैकी मी एक.

यादी करणे हे आपल्याकडे हलके काम समजतात. कविता करणारा कवी, इतिहास लिहिणारा इतिहासकार, आणि याद्या करणारा कारकून! पण शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली, पुढे १९३८ ते १९५० या काळाचीही केली, आणि त्यानंतर मराठी पुस्तकांविषयी काही लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या दारावरून जावे लागले. दात्यांच्या सूचीमागे एका माणसाची शिस्त होती. आमच्या वहीत पुष्कळांचे हात, तेव्हा गोंधळ हा ओघानेच आला.

पहिल्या महिन्यातच ‘स्वामी’, ‘छावा’ आणि ‘पानिपत’ ही तीन नावे इतक्या वेळा पडली की बाकीच्यांना जागा उरेना. मग कोणी ‘भाऊसाहेबांची बखर’ लिहिली, तर कोणी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’. बखरीत संवाद आहेत, रडणे आहे, वीरश्री आहे. वाचणाऱ्याला ती कादंबरी वाटली तर त्याला दोष कसा द्यावा? गोडसे भटजी तर १८५७ च्या धामधुमीत प्रत्यक्ष सापडलेले. त्यांनी कल्पनेने रचले नाही, आठवून लिहिले, आणि ते पुस्तक छापून बाहेर यायला १९०७ साल उजाडले. ही दोन्ही नावे खोडावीत असे एका सभासदाने सुचवले. तेव्हा आम्ही दुसरा नियम केला: दुसऱ्याने लिहिलेले कोणी खोडायचे नाही; शंका असेल तर शेजारी लिहायची. वही त्यामुळे गचाळ दिसते, पण त्यातून वाचक कोठे अडखळतो ते कळते.

ऐतिहासिक म्हणावे तरी कशाला? स्कॉटने ‘वेव्हर्ली’ १८१४ साली प्रसिद्ध केली आणि उपशीर्षकातच सांगून टाकले की गोष्ट साठ वर्षांपूर्वीची आहे. हा साठीचा दंडक सोयीचा आहे. टॉलस्टॉय १८२८ साली जन्मला; नेपोलियनच्या १८१२ च्या स्वारीवर त्याने लिहिले ते ऐकून आणि वाचून. पण आपल्या विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’चे काय करायचे? युद्धाच्या तोंडावर युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तीत देशोधडीला लागलेले ज्यू प्रवासी, आणि पुस्तकाचे साल १९३९. लेखकाला तो इतिहास नव्हता, कालपरवाची गोष्ट होती. आज वाचणाऱ्याला मात्र तो इतिहासच आहे. यावर दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी प्रत्येक पुस्तकापुढे दोन साले लिहायची असे ठरले: एक युद्धाचे, एक पुस्तकाचे. माझ्या मते वहीत झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा.

ती का, ते पानिपतावरून सांगतो. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला तो १८९८ साली, आणि त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत. ती मिळाली कोठे? येथून फार दूर नव्हे, आपल्याच जिल्ह्यात वाईला. तिकडे मिरजेस त्याच सुमारास वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांची दप्तरे उलगडत होते. म्हणजे १८९८ पूर्वी पानिपतावर लिहिणाऱ्यापुढे फार तर बखरी होत्या. त्यानंतरच्या लेखकापुढे खुद्द छावणीतून गेलेली पत्रे होती. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ ची, इनामदारांची ‘शिकस्त’ १९८३ ची. दोन्ही एकाच पराभवाच्या. पण ‘शिकस्त’मध्ये मागे उरलेल्या पार्वतीबाईंच्या वाट्याला काय आले ते आहे. साले नसती तर या दोन नोंदींचा पहिल्या नोंदींशी संबंधच कळला नसता.

तिसरा रकाना ‘कोणाच्या बाजूने?’ हा एका शाळेतल्या मुलीच्या प्रश्नातून निघाला. हरिभाऊ आपट्यांचे ‘म्हैसूरचा वाघ’ वाचून तिने विचारले, यात आपण कोठे आहोत? प्रश्न मार्मिक होता. हरिभाऊंनी ती कथा मेडोज टेलरच्या १८४० मधल्या इंग्रजी कादंबरीवरून घेतली, आणि टेलर हा निजामाच्या चाकरीतला इंग्रज. शिवाय १७९१-९२ च्या त्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्या बाजूने टिपूवर चालून गेले होते! मुलीला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मराठीत ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात ज्या ‘मोचनगडा’ने झाली तो गडही गुंजीकरांच्या कल्पनेतला. तेव्हा प्रत्येक नोंदीपुढे ‘यातले किती खरे’ असा रकाना काढायचा मोह आम्हाला झाला होता. तो आवरला. तो निवाडा करायला आम्ही कोण?

आता रिकाम्या पानांविषयी.

युद्धवार पाने पाडली तेव्हा शिवकालाला बारा पाने पुरली नाहीत, पेशवाईलाही नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या पानावर ‘महानायक’ आले, ‘रणांगण’ आले. पहिल्या महायुद्धाचे पान कोरे राहिले. मराठीत त्यावर कोणी लिहिलेच नाही असे माझे म्हणणे नाही. आमच्यापैकी कोणाच्या वाचनात आले नाही, एवढेच वही सांगते. पण हे घडले कोणत्या जिल्ह्यात? साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात पडले. गावाचे नावच अपशिंगे मिलिटरी. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जो वेढा पडला, त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. अन्न संपत आले, घोडे कापायची वेळ आली, आणि आपल्या शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावले नाही. शरण गेल्यावर वाळवंटातून उत्तरेकडे हाकलत नेलेल्यांपैकी किती तरी वाटेतच गेले. पानिपतापेक्षा यात काही कमी आहे काय? परंतु पानिपत आपले, आणि कुत इंग्रजांचे, अशी मनात वाटणी झालेली आहे. ज्या घरातला माणूस गेला त्या घराने अशी वाटणी केली नसेल.

दूरच्या रणाबद्दल आपल्या माणसाला लिहिता येत नाही, असेही नाही. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९४३ साली स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. कृष्णेकाठच्या माणसाला व्होल्गेकाठचे युद्ध परके वाटले नाही. पोवाडा ही कादंबरी नव्हे, म्हणून तो आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर वेगळा लिहून ठेवला आहे. त्याच वर्षी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या लोकांनी पगाराची गाडी लुटली. त्या लढ्याच्या पानावर तीन नोंदी आहेत आणि तिन्ही आठवणींच्या पुस्तकांच्या. कादंबरी एकही नाही.

गेल्या पावसाळ्यात कोऱ्या पानावर एक नोंद पडली. अक्षर म्हातारे, थरथरते. सालाच्या रकान्यात १९१६ लिहिले होते. पुस्तकाच्या नावाच्या जागी लिहिले होते: ‘आजोबा बसऱ्याला गेले होते. पुस्तक नाही. पेटीत दोन पत्रे आहेत, मोडीत आहेत, कोणाला वाचता येत असतील तर सांगावे.’ खाली नाव नाही, पत्ता नाही. त्या दिवशी टेबलावर कोण बसले होते ते ग्रंथपालांना आठवत नाही. मोडी वाचणारे दोघे कराडात आहेत, त्यांना मी विचारून ठेवले आहे. नोंदीशेजारी तसे लिहिलेही आहे. आज या सभेत ते गृहस्थ, किंवा त्या बाई, बसलेल्या असतील तर व्याख्यान संपल्यावर कृपा करून मला भेटावे. मी येथेच, मंडपाच्या डाव्या दाराशी थांबतो.