दोन वॉरिंग्टन आणि जांभ्याचं पाणी

रत्नागिरीत घरच्या फिशटँकमधला मासा मेला की पहिलं वाक्य आजीचं असतं: ‘घरावरचं काहीतरी त्यानं अंगावर घेतलं.’ दुसरं वाक्य मासे विकणाऱ्याचं: ‘बुरशी असेल, निळं औषध टाका.’ तिसरं वाक्य घरातल्या लहान मुलाचं असतं आणि ते सहसा कोणी ऐकत नाही: ‘पण काल तर चांगला होता!’

मला या तिसऱ्या वाक्यात रस आहे. काल चांगला असलेला मासा आज कशानं मरतो? या प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसाला जवळजवळ दीडशे वर्षं लागली आणि त्यातला एक मोठा तुकडा एका बापलेकाच्या वाट्याला आला. दोघांचं नावही एकच, रॉबर्ट वॉरिंग्टन.

थोरले वॉरिंग्टन लंडनमधले रसायनतज्ज्ञ. तिथल्या केमिकल सोसायटीच्या १८४१ मधल्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १८४९ मध्ये त्यांनी काचेच्या भांड्यात वाळू-माती घातली, पाण्यात वाढणारी व्हॅलिसनेरिया लावली आणि दोन गोल्डफिश सोडले. विचार सरळ होता. मासा ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती उजेडात याच्या उलट करते, म्हणजे हिशेब जुळायला हवा. तो जुळला नाही. जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला आणि ‘समतोल टँक’ ही कल्पना जन्माला आली.

पुढची काही वर्षं इंग्लंडमध्ये या छंदाचं वेड होतं. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यालय उघडलं आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकानं ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोचवला. पण मासे मरतच राहिले. वनस्पती होत्या, गोगलगायी होत्या, तरीही. कारण थोरल्या वॉरिंग्टनांचा हिशेब अर्धाच होता. मासा फक्त श्वास सोडत नाही, तो कल्ल्यांवाटे अमोनियाही सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही आणि माशाला मारायला तो अगदी थोडा पुरतो.

हा उरलेला अर्धा हिशेब धाकट्या वॉरिंग्टनांच्या हाती आला, तोही माशांचा विचार करताना नाही, तर शेताचा. १८७७ मध्ये पॅरिसमध्ये श्लोसिंग आणि म्युन्ट्झ यांनी वाळू आणि खडूची भुकटी भरलेल्या उभ्या नळीतून गटाराचं पाणी हळूहळू झिरपू दिलं. सुरुवातीचे सुमारे वीस दिवस काहीच झालं नाही. मग अमोनिया नाहीसा होऊन त्याजागी नायट्रेट येऊ लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडल्यावर काम थांबलं. म्हणजे हे काम कोणीतरी जिवंत करत होतं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती प्रयोगशाळेत धाकट्या वॉरिंग्टनांनी हे प्रयोग पुढे नेले आणि दाखवलं की काम दोन टप्प्यांत होतं: आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट, आणि प्रत्येक टप्प्याचे जीव वेगळे. ते जीव वेगळे काढणं मात्र त्यांना जमलं नाही. ते श्रेय १८९० मध्ये सर्गेई विनोग्राड्स्की यांच्याकडे गेलं.

बापाच्या टँकमध्ये जे घडत होतं त्याचा शोध मुलानं शेताच्या मातीत घेतला. इतिहासात असे योग क्वचित येतात, आणि वॉरिंग्टन कुटुंबाचं नाव आज फारसं कोणाला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं.

‘सुमारे वीस दिवस’ हा आकडा लक्षात ठेवा. शनिवारी टँक आणला, रविवारी दहा मासे सोडले आणि पुढच्या आठवड्यात ते एकेक करून उलटे तरंगू लागले, तर बहुतेक वेळा त्याचं कारण हेच. काच, पाणी, मोटर सगळं आलं, जिवाणू अजून यायचे होते. जुन्या टँकचंही तेच होतं. कोणीतरी उत्साहानं फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. स्पंज स्वच्छ दिसतो आणि त्यावरची वस्ती मरते. मासे मरतात ते तीन-चार दिवसांनी, त्यामुळे रविवारच्या धुण्याचा संशय कोणाला येत नाही. पहिला टप्पा चालू झाला आणि दुसरा मागे राहिला तर नायट्राइट साचतं. ते रक्त तपकिरी करतं आणि पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी दुकानदार ‘चिमूटभर खडेमीठ टाका’ म्हणतो, ते खरोखर लागू पडतं, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. निळ्या औषधापेक्षा हा सल्ला कितीतरी शहाणपणाचा.

आता रत्नागिरीकडे येतो, कारण आमच्या पाण्याची एक वेगळी खोड आहे.

श्लोसिंगच्या नळीतली खडूची भुकटी शोभेसाठी नव्हती. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल खडू गिळतो. पाण्याच्या या गिळण्याच्या ताकदीला अल्कलिनिटी म्हणतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निस्तरताना साधारण सात मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. चुनखडीच्या प्रदेशात ती पाण्यात भरपूर असते. आमच्याकडे जांभा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर कोसळणाऱ्या पावसानं या दगडातला चुना कधीच धुऊन नेला. मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम राहिलं, म्हणून तर आमचे चिरे लाल. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि बहुधा किंचित आम्लधर्मी. चहाला उत्तम, डाळ पटकन शिजते. टँकमध्ये मात्र त्याची शिल्लक लवकर संपते.

शेजारच्या काकूंचा टँक दोन वर्षांचा होता. एप्रिल-मे म्हणजे टंचाई. विहीर तळाला गेलेली, नळ एक दिवसाआड. अशात माशांचं पाणी कोण बदलतं? आटलं तेवढं वरून भरायचं. मासे छान होते. जून लागला, पाणी आलं आणि नातीनं काकूंना खूश करायला नव्या सिमेंटच्या हौदातलं पाणी आणून निम्म्याहून जास्त टँक बदलला. संध्याकाळपर्यंत पाचही गोल्डफिश गेले. घरात ठरलं की पोरीनं मारले. ती दहा वर्षांची, तिनं जेवण टाकलं.

सुदैवानं काढलेलं जुनं पाणी अजून बादलीत होतं. माझ्याकडे पीएच तपासायच्या पट्ट्या होत्या. जुनं पाणी सहाच्या खाली, हौदाचं आठच्या वर. नव्या सिमेंटमधून चुना पाझरतो, त्यात नवल नाही. पण खरी गोष्ट जुन्या पाण्यात होती. शिल्लक संपून पाणी आम्ल झालं की जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं आणि अमोनिया साचत जातो. तरी मासे जगतात, कारण आम्ल पाण्यात तो अमोनियम या बऱ्याच निरुपद्रवी रूपात असतो. पीएच सहाला त्यातला विषारी भाग हजारात एकही नसतो. सातला शंभरात एकाहून कमी. आठला मात्र शंभरात पाचच्या आसपास. निम्मं पाणी टँकमध्ये उरलं होतं, त्यातला अमोनियाही. हौदाच्या पाण्यानं काही मिनिटांत त्याचं रूप पालटलं. विष बाहेरून आलं नव्हतं, ते महिनाभर टँकमध्ये झोपलेलं होतं.

हे मी नातीला बादली आणि दोन पट्ट्या समोर ठेवून सांगितलं. तिनं एकच प्रश्न विचारला: ‘मी थोडंथोडं बदललं असतं तर?’ तर बहुधा वाचले असते. पण एप्रिलपासून ते घरातल्या कोणीच बदललं नव्हतं, हेही मी काकूंच्या देखत म्हणालो.

पावसाळ्यात आणखी एक गुन्हेगार असतो, टीसीएल पावडर. साथी येऊ नयेत म्हणून गावोगावच्या विहिरींत ती टाकतात आणि टाकायलाच हवी. पण त्या दिवशीचं पाणी थेट टँकमध्ये गेलं तर मासे तासाभरात तडफडतात. हे ओळखणं सोपं, कारण सगळे एकदम आणि लगेच. पहाटे सगळे वर तोंड काढून हापापताना दिसले तर रात्रभर वीज गेली होती का ते विचारा. मासे एकेक करून, अंगावर मिठाच्या दाण्यासारखे ठिपके येऊन आजारी पडले तरच तो रोग. मासा कसा मेला याहून कधी मेला हे जास्त बोलतं.

शास्त्रज्ञांनाही हा हिशेब अजून पुरता जुळलेला नाही. विनोग्राड्स्कीच्या शोधानंतर शंभर वर्षं पुस्तकांत दोन जिवाणूंची नावं छापली जात होती. १९९८ मध्ये कळलं की टँकमधलं दुसऱ्या टप्प्याचं काम मुळात वेगळाच जिवाणू करतो, नायट्रोस्पायरा. २००५ मध्ये सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या टँकमधून अमोनियावर जगणारा एक सूक्ष्मजीव वेगळा काढला, तो तर जिवाणूच नव्हता, आर्किया या निराळ्याच कुळातला होता. आणि २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्यानं उरकणारे नायट्रोस्पायरा सापडले. धाकटे वॉरिंग्टन असते तर चक्रावले असते.

रत्नागिरीत १९८१ पासून शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, शहरात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालयही आहे. गावात माशांच्या पाण्याबद्दल जाणणारी माणसं कमी नाहीत. पण काकूंच्या टँकवरचा उपाय स्वयंपाकघरातून आला. तिसऱ्यांचं सुकं झालं की उरलेल्या शिंपल्या उकळून, घासून, उन्हात वाळवून एका जाळीच्या पिशवीत भरायच्या आणि पिशवी फिल्टरपाशी टांगायची. शिंपली म्हणजे खडूच, कॅल्शियम कार्बोनेट. कोकणात पूर्वी शिंपल्या भाजून घरं बांधायचा चुना करत. पाणी आम्ल होऊ लागलं की शिंपली आपोआप थोडीथोडी विरघळते. पाणी आता दर रविवारी दोन तांबे काढतात आणि आदल्या दिवशी उघडं ठेवलेलं दोन तांबे घालतात. पट्टी नात बुडवते. मागच्या वेळी सात आला होता. आतापर्यंत पिशवीतल्या शिंपल्या दोनदा बदलल्या आहेत, आणि तिसऱ्या आणायचं निमित्त मिळालं म्हणून काका खूश आहेत.